पानोपान चालणारे कोष्टक

(संस्थेच्या विद्यार्थी व कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हास दिलेल्या विषयाचे नाव सूत्रसंचालकांनी उच्चारले तेव्हा मागच्या रांगेतून थोडे हसू ऐकू आले. ते स्वाभाविक आहे. शिक्षण, संघटन, व्यसनमुक्ती असे विषय झाल्यावर ‘संगणकावर लांब कोष्टक कसे मांडावे’ हा विषय कोणाला फार मोठा वाटणार? परंतु आपल्याच संस्थेची स्मरणिका उघडून पाहा. प्रारंभीचे शुभसंदेश आणि छायाचित्रे सोडली, लेख सोडले, की उरते काय? देणगीदारांची यादी, शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांची यादी, सभासदांची यादी आणि वर्षाचा जमाखर्च. ही सर्व कोष्टकेच आहेत आणि यांपैकी एकही एका पानात मावत नाही. शिवाय, खरे बोलायचे तर, स्मरणिका हातात पडताच बहुतेक जण लेखाकडे न जाता आधी यादीत आपले नाव शोधतात. लेख लिहिणाऱ्यांनी यावर रागावू नये.

ज्या माउलीने महिन्याच्या मजुरीतून एकावन्न रुपये काढून दिले, तिच्या दृष्टीने त्या यादीतील एक ओळ म्हणजे संस्थेने तिला दिलेली जाहीर पावती असते. ती ओळ दोन पानांच्या सांध्यात अर्धी इकडे अर्धी तिकडे झाली, किंवा तिची रक्कम भलत्याच रकान्याखाली वाचली गेली, तर ती काही तक्रार करायला येणार नाही. पण पुढच्या वर्षी कार्यकर्ता दारात गेल्यावर तिच्या मनात शंका राहील. संस्थेची पत अशाच लहान ठिकाणी राखली जाते किंवा जाते.

आता मूळ अडचण काय ते पाहू. कोष्टकाला अर्थ येतो तो दोन दिशांनी. डावीकडून उजवीकडे ओळ वाचावी तेव्हा माणूस कळतो, आणि वरून खाली रकाना वाचावा तेव्हा आकडा कशाचा ते कळते. ‘५००’ एवढे नुसते काहीच सांगत नाही. वर ‘मंजूर रक्कम’ असेल तर एक अर्थ, ‘प्रत्यक्ष वाटप’ असेल तर दुसरा, ‘येणे बाकी’ असेल तर तिसराच. पहिल्या पानावर शीर्षके असतात म्हणून सगळे ठीक चालते. पान उलटले की शीर्षके मागे राहतात आणि समोर नुसत्या आकड्यांच्या रांगा येतात. त्यात आपल्याकडे कागद सुटा फिरतो. शिष्यवृत्तीच्या यादीतील एकच पान झेरॉक्स काढून विद्यार्थी कचेरीत दाखला म्हणून नेतो. त्या पानावर संस्थेचे नाव नाही, वर्ष नाही, रकान्यांची नावे नाहीत, तर तो कागद टेबलावरच्या बाबूने काय म्हणून मान्य करावा?

खिळ्यांच्या छापखान्यात ही काळजी कंपोझिटर घेत असे. पितळी पट्ट्या कापून रकाने पाडायचे, खिळे जुळवायचे आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर शीर्षके पुन्हा हाताने जुळवायची. कोष्टकाच्या जुळणीला साध्या मजकुरापेक्षा जास्त दर पडे तो याच कष्टाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये १९२३ साली छापला गेला. विद्यार्थ्यांनी तो निदान चाळून पाहावा. रुपयाचे मूल्य, चांदीचा भाव, हुंडणावळीचा दर यांच्या कोष्टकांवर त्यातला युक्तिवाद उभा आहे. त्या कोष्टकातील एक रकाना जरी सरकला असता तरी युक्तिवाद लंगडा झाला असता.

कोष्टकांच्या चुकांतूनच संगणकाच्या इतिहासाचा एक धागा निघाला, हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. इंग्लंडमध्ये १८२१ साली चार्ल्स बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्शेल हे खगोलशास्त्राची कोष्टके तपासत बसले असता चुकांमागून चुका सापडू लागल्या. हे काम वाफेच्या यंत्राने झाले तर किती बरे, असे बॅबेजना वाटले, आणि तेथून त्यांच्या गणनयंत्राची कल्पना पुढे गेली. त्यांचा विचार नुसत्या गणितावर थांबला नाही. गणित बरोबर आले तरी खिळे जुळवताना आकडा चुकतो, हे ओळखून त्यांनी यंत्राला छपाईचा भागही जोडायचे ठरवले. त्यांच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली यंत्र बांधले आणि छपाईचा भाग २००२ साली पूर्ण केला. त्या छपाईच्या भागात ओळींमधले अंतर, रकान्यांची संख्या, समास हे बदलता येतात आणि काही ओळींनंतर एक ओळ कोरी सोडण्याचीही सोय आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्या माणसाला वाचणाऱ्याच्या डोळ्याची किती काळजी होती पाहा! लॉग टेबल कोणत्या रंगाच्या कागदावर व शाईत सुखाने वाचता येते, याचेही प्रयोग त्यांनी केले होते.

आपल्याकडे संगणकावर जुळणी आली ती डी.टी.पी.च्या रूपाने, आणि डी.टी.पी. म्हणजे पेजमेकर असेच समीकरण झाले होते. पेजमेकर १९८५ साली निघाले, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्यात साध्या मजकुराची सोय उत्तम होती, पण कोष्टकासाठी वेगळा कार्यक्रम होता आणि तेथे तयार केलेले कोष्टक पानावर चित्रासारखे येऊन बसे. चित्र काही पानोपान वाहत नाही. म्हणून ऑपरेटर मंडळी टॅबची कळ दाबून रकाने पाडीत, पानागणिक यादी तोडीत आणि शीर्षके प्रत्येक पानावर चिकटवीत. काम सुंदर होई, पण मुद्रित तपासून झाल्यावर कोणी ‘अहो, आमच्या शाखेची तीन नावे राहिली’ म्हणत आला की त्या जागेपासून शेवटपर्यंत सगळी पाने पुन्हा तोडावी लागत. तीन नावांसाठी रात्र जाई. आजही कित्येक ठिकाणी इनडिझाईन किंवा वर्ड वापरणारे जुन्याच सवयीने टॅब दाबून, रेघा ओढून, पानागणिक शीर्षक टंकित करून काम करताना आम्ही पाहतो. साधन नवे आले आणि हात जुनाच राहिला, असा हा प्रकार आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की शीर्षक टंकित करायचे नसते, तर ‘ही शीर्षओळ आहे’ असे संगणकाला सांगायचे असते. एकदा सांगितले की पान कोठेही तुटो, ती ओळ माथ्यावर आपोआप येते.

वर्डमध्ये पहिली ओळ निवडून, टेबलाच्या गुणधर्मात जाऊन, ती प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा यावी अशी खूण करायची. शीर्षके दोन ओळींची असतील तर दोन्ही ओळी निवडाव्यात. मात्र सुरुवात पहिल्या ओळीपासूनच हवी. खूण करूनही शीर्षक येत नाही अशी तक्रार पुष्कळ विद्यार्थी आमच्याकडे घेऊन येतात. त्याची कारणे बहुधा दोनच निघतात. एक म्हणजे टेबलाभोवती मजकूर वळवण्याची सोय चालू असते, ती बंद करावी. दुसरे म्हणजे कोणीतरी टेबलाच्या मध्येच हाताने पान तोडलेले असते. संगणकाने स्वतः तोडलेल्या पानावरच शीर्षक पुन्हा येते, हाताने तोडलेल्या पानावर येत नाही. लिबरऑफिस फुकट मिळते आणि आपल्या वाचनालयासाठी तेच परवडणारे आहे. त्यात टेबलाच्या गुणधर्मात पहिल्या किती ओळी शीर्षक म्हणून पुन्हा घ्याव्यात हे आकड्यानेच सांगता येते. हिशेब एक्सेलमधूनच छापायचा असेल तर पानाच्या मांडणीत ‘प्रिंट टायटल्स’ म्हणून जागा आहे. तेथे शीर्षओळ दाखवून द्यावी.

इनडिझाईनमध्ये शीर्षओळीसोबत तळओळही नेमता येते, आणि पहिल्या वेळी शीर्षओळ वगळा, शेवटच्या वेळी तळओळ वगळा, असेही सांगता येते. याचा उपयोग मोठा आहे. शीर्षओळ पहिल्या वेळी वगळली म्हणजे ‘मागील पानावरून पुढे’ हे शब्द दुसऱ्या पानापासूनच दिसतात. तळओळ शेवटच्या वेळी वगळली म्हणजे ‘पुढील पानावर चालू’ हे शब्द अखेरच्या पानावर हसे करीत नाहीत. त्या स्थितीत पहिल्या पानाची शीर्षके साधी ओळ म्हणूनच मांडावी लागतात. वर्डमध्ये ही सोय नाही. तेथे जी शीर्षओळ पहिल्या पानावर तीच सर्व पानांवर.

विज्ञान व गणित शाखेच्या संशोधक विद्यार्थ्यांपैकी काही जण लाटेक वापरतात, म्हणून त्याविषयीही सांगतो. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ साली टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांचे लाटेक तिच्यावर उभे आहे. त्यातील नेहमीचे कोष्टक ही एक अखंड पेटी असते. पेटी तुटत नाही. ती पानापेक्षा उंच झाली तर खालचा भाग कागदाबाहेर जातो. अशा वेळी डेव्हिड कार्लाइल यांची ‘लाँगटेबल’ ही जोडणी घ्यावी. तिच्यात पहिल्या पानाचे शीर्षक, पुढील पानांचे शीर्षक, मधल्या पानांची तळओळ आणि अखेरची तळओळ अशा चार गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात. ‘पुढे चालू’चा प्रश्न तेथे मुळातच सुटलेला आहे. मात्र ती दोन रकानी पानात चालत नाही. तसेच रकान्यांची रुंदी ती सहायक फाइलमध्ये नोंदवून पुढच्या वेळी वापरते; त्यामुळे एकदा चालवून रकाने वाकडे दिसले तर घाबरून जाऊ नये, दोनतीन वेळा चालवावे. मराठीसाठी जोनाथन क्यू यांचे झीटेक वापरले तर युनिकोड देवनागरी सरळ लिहिता येते.

यंत्राच्या सोयी एवढ्या पुरे. कारण खरा कस लागतो तो ओळ तुटण्याच्या ठिकाणी. आपल्या देणगीदारांच्या यादीत ओळी सारख्या उंचीच्या नसतात. एकाची ओळ नाव आणि रक्कम एवढ्यात संपते. दुसऱ्याची देणगी ‘कालकथित मातोश्रींच्या स्मरणार्थ’ असते, त्यात मातोश्रींचे संपूर्ण नाव, गाव आणि पुण्यस्मरणाची तारीख येते, आणि ती ओळ तीन-चार रांगांची होते. पानाच्या तळाशी आली की संगणक ती मधोमध तोडतो. देणगीदाराचे नाव या पानावर राहते आणि आईचे नाव पलीकडच्या पानाच्या माथ्यावर, परक्या माणसाच्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसते. ज्याने आईच्या नावाने पैसे दिले त्याला ते पाहून काय वाटेल? वर्ड व लिबरऑफिसमध्ये ‘ओळ दोन पानांत तुटू द्यावी’ अशी खूण आधीच केलेली असते. ती काढून टाकावी. इनडिझाईन ओळ मुळात तोडतच नाही. पण एखादी ओळ चौकटीपेक्षा उंच झाली तर ती आणि तिच्यानंतरचा सगळा मजकूर अडून राहतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात तांबडी खूण दिसते. ती खूण नजरेआड झाली तर यादीचा शेवट छापलाच जात नाही.

याच ओघात ‘आयु.’ विषयी. प्रत्येक नावापूर्वी हे आदरार्थी पद लावण्याची आपली रीत आहे आणि ती मोडावी असे आम्ही म्हणणार नाही. पण अरुंद रकान्यात ते पद पहिल्या रांगेत एकटे राहते आणि नाव खाली जाते. ‘आयु.’ आणि नाव यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न देता न तुटणारी जागा द्यावी. वर्डमध्ये कंट्रोल व शिफ्ट धरून स्पेसची कळ दाबली की ती मिळते. ‘रु.’ मात्र प्रत्येक ओळीत लिहिण्याचे कारण नाही. ते रकान्याच्या शीर्षात एकदा लिहावे, म्हणजे वाचलेली जागा नावाला मिळते.

कागदाचा हिशेब नेहमी विचारला जातो, तोही करून पाहू. समजा ६२० नावे आहेत, प्रत्येकाला एक ओळ, आणि पानावर ३८ ओळी बसतात. शीर्षक पुन्हा न घेता १७ पाने लागतील. प्रत्येक पानावर शीर्षकाला दोन ओळी दिल्या तर ३६ ओळी उरतात आणि १८ पाने लागतील. म्हणजे सर्व पाने सुटीसुटी वाचता येण्याची किंमत एक पान. तेवढे कागदाचे पैसे वाचवण्यासाठी यादी आंधळी करणे आम्हास पटत नाही. पान वाचवायचेच असेल तर शुभेच्छांच्या जाहिरातींचे बघावे.

पण आमच्या मते ६२० ओळींचे एकच कोष्टक करणे हाच मुळात कमी प्रतीचा उपाय आहे. यादी शाखेप्रमाणे किंवा वस्तीप्रमाणे करावी आणि प्रत्येक शाखेचे कोष्टक स्वतंत्र असावे. शाखेचे नाव शीर्षओळीतच घालावे, म्हणजे शाखा पुढच्या पानावर गेली तरी तिचे नाव सोबत जाते. एका लांब कोष्टकात हे साधत नाही, कारण त्याची शीर्षओळ सर्वत्र एकच असते. फक्त सर्व कोष्टकांतील रकान्यांची रुंदी ठरवून सारखी ठेवावी. संगणकावर सोडले तर तो प्रत्येक शाखेतील सर्वांत लांब नाव पाहून वेगवेगळी रुंदी देईल आणि पान पायऱ्यांसारखे दिसेल. शाखेची बेरीज कोष्टकाच्या अखेरीस द्यावी. ती एकटीच पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून शेवटच्या दोन ओळींना ‘पुढील ओळीसोबत राहा’ असे सांगून ठेवावे.

पानागणिक बेरीज देण्याची पद्धत आपल्या खजिनदार मंडळींना प्रिय आहे. कीर्द लिहिणाऱ्याला ती हवीच, कारण वहीचे पान हलत नाही. छापील यादीत मात्र एक नाव वाढले की पुढचे प्रत्येक पान हलते आणि प्रत्येक बेरीज खोटी ठरते. शीर्षओळ तीच तीच पुन्हा येते, ती बेरीज करीत नाही. म्हणून शाखेची बेरीज आणि अखेरची एकूण बेरीज एवढ्यावर थांबावे, हे आम्ही आग्रहाने सांगू.

जमाखर्चाचे कोष्टक वेगळ्या जातीचे. आपली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असल्याने ताळेबंद शेड्यूल आठच्या आणि उत्पन्न-खर्च शेड्यूल नऊच्या नमुन्यात द्यावा लागतो. ताळेबंदाला दोन बाजू असतात, डावीकडे निधी व देणी आणि उजवीकडे मालमत्ता. तो लांबला तर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी तुटल्या पाहिजेत. एक बाजू आधी संपून दुसरी पुढच्या पानावर एकटी गेली तर वाचणारा मिळवणी कशी करणार? अशा वेळी तो समोरासमोरच्या दोन पानांवर मांडावा, डाव्या पानावर डावी बाजू आणि उजव्या पानावर उजवी, आणि दोन्ही बेरजा तळाशी एकाच रेषेत आणाव्यात. त्यासाठी तो सम क्रमांकाच्या पानावर सुरू व्हायला हवा, हे मांडणी करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

आकड्यांविषयी थोडे. रक्कम नेहमी उजवीकडे टेकवावी, म्हणजे एककाखाली एकक येते. काही देवनागरी टंकांत सर्व अंकांची रुंदी सारखी नसते. ‘१’ बारीक आणि ‘५’ रुंद असला तर उजवीकडे टेकवूनही शतकाखाली शतक येत नाही. टंक निवडताना त्यात ‘१११’ आणि ‘५५५’ एकाखाली एक लिहून पाहावे. स्वल्पविरामही पाहावा. संगणकाची मांडणी परदेशी राहिली तर सव्वा लाख हे ‘१२५,०००’ असे छापले जातात आणि वाचणारा अडखळतो. आपल्याला ‘१,२५,०००’ हवे. बेरजा एक्सेलमध्ये साध्या आकड्यांतच कराव्यात आणि देवनागरी अंक छपाईपुरते अखेरीस आणावेत. उभ्या रेघा शक्यतो टाळाव्यात. दर पाच ओळींनंतर थोडी जास्त जागा सोडली की डोळा आपोआप ओळ धरून चालतो.

मुद्रित तपासताना एकट्याने बसू नये. एकाने पावतीपुस्तकातून नाव, रक्कम व पावती क्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने छापील ओळीवर पट्टी ठेवून पाहावे. प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ दोनदा पाहावी, कारण नावे गळतात ती सांध्याच्या ठिकाणी. एकूण ओळी आणि एकूण पावत्या जुळल्याशिवाय सही करू नये.

छपाईला देण्यापूर्वी आणखी एक करावे. यादीचे मधले एखादे पान, समजा नववे, सुटे छापून घ्यावे आणि ज्याने यादी कधी पाहिलेली नाही अशा माणसाच्या हाती द्यावे. आठवी-नववीतला विद्यार्थीही चालेल. हा कागद कोणत्या संस्थेचा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या शाखेचा आणि चौथ्या रकान्यातला आकडा कशाचा, एवढे चार प्रश्न त्याला विचारावेत. जेथे तो अडेल तेथे शीर्षओळ दुरुस्त करावी.

दुपारच्या सत्रात वाचनालयातील दोन्ही संगणकांवर गेल्या वर्षाची सभासद यादी उघडून ठेवली आहे. ज्यांना प्रबंध किंवा प्रकल्प अहवाल लिहायचा आहे त्यांनी आपापली कोष्टके पेनड्राइव्हमध्ये घेऊन यावीत. प्रत्येकाचे एक कोष्टक आम्ही सोबत बसून पाहू.